हाड जुळायच्या आधीच बरं वाटायला लागतं

फॉस्टरिंग करते, म्हणजे रस्त्यावरचं कुत्रं बरं होऊन त्याला कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे ठेवते, म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. जखमी कुत्रं घरात आणायला भीती नाही का वाटत, आणि एवढा लळा लागल्यावर दुसऱ्याला देऊन कसं टाकवतं. मधल्या आठवड्यांबद्दल कोणीच विचारत नाही, आणि खरं काम तर सगळं तिथेच असतं, म्हणजे असं काम की ज्यात काहीही घडू द्यायचं नाही. ठमी आमच्याकडे होती तेव्हा मी दिवसभर काय करायचे याचं खरं उत्तर एकच, तिला नाही म्हणत बसायचे.

ठमी साधारण वर्षाची असावी असा दातांवरून अंदाज. गाडीने उडवलेली, मागच्या डाव्या पायाचं मांडीचं हाड मोडलेलं, कमरेवरची कातडी सोलवटलेली आणि कानात गोचीडच गोचीड. अशा केसमध्ये बघणाऱ्याला लोंबणारा पाय दिसतो, डॉक्टर मात्र आधी छाती आणि पोट बघतात. गाडीच्या धक्क्याने फुप्फुसाला मार बसतो, छातीत हवा भरते, कधी मूत्राशय फुटतं, आणि यातलं काही काही पहिल्या काही तासांत कळतही नाही. म्हणून सलाईन, वेदनाशामक, एक्सरे, शू होतेय का यावर लक्ष, आणि कुत्रं भूल सोसेल असं झालं की मगच पायाचं ऑपरेशन. 'दोन दिवस झाले, अजून पाय तसाच ठेवलाय' म्हणून चिडणारे लोक मी बघितलेत. तो निष्काळजीपणा नसतो, बहुतेक वेळा तीच काळजी असते.

दुसरा ठरलेला प्रश्न, प्लास्टर का नाही घातलं. तर प्लास्टर उपयोगी पडायला मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडता यायला हवेत. मांडीच्या हाडाच्या वर असतो खुबा, त्याला प्लास्टरमध्ये कसं धरणार? उलट ते वजन लोंबून तुटलेली टोकं आणखी हलतात. म्हणून आत प्लेट आणि स्क्रू. ठमीला तेच बसवलं आणि टाक्यांसकट, गळ्यात तो मोठा प्लास्टिकचा कोन घालून ती आमच्या घरी आली.

आमचा स्वतःचा एक म्हातारा कुत्रा आहे, बंड्या, त्यामुळे सुरुवातीला दोघांची गाठ पडू द्यायचीच नाही हे ठरलेलं होतं. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याच्या अंगात पार्वो किंवा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार, दबा धरून बसलेला असू शकतो, लक्षणं दिसायला आठवडा दोन आठवडे जातात. पार्वोचा व्हायरस तर महिनोन्महिने जमिनीत टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. वेगळी खोली, वेगळी भांडी, त्या खोलीतल्या वेगळ्या चपला. बंड्याचे सगळे डोस झालेले होते तरीही. दाराच्या फटीतून दोघांनी एकमेकांचे वास घेतले तेवढीच ओळख.

आणि रेबीज. जो कोणी रस्त्यावरची कुत्री हाताळतो त्याने आधीच लस घेऊन ठेवावी हे मी इथे ठळक अक्षरात लिहिलं असतं. दुखत असलेलं कुत्रं चावतं, त्यात त्याचा स्वभाव वाईट नसतो, त्याला दुसरा मार्ग नसतो. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि मग सरळ डॉक्टर. 'पाळीवच आहे आता' वगैरे काही नाही. ठमी मला चावली नाही पण पहिल्या आठवड्यात ड्रेसिंगच्या वेळी ओठ वर करून दात दाखवायची, आणि मला ते चाललं. गुरगुरणारं कुत्रं निदान सांगतं तरी. गुरगुरल्याबद्दल ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

पहिले दिवस म्हणजे नुसती नोंदवही. औषध किती वाजता, खाल्लं किती, शू किती वेळा, शी झाली का (ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस शी झाली नाही तर घाबरायचं नसतं, भूल आणि वेदनाशामकांमुळे आतडी सुस्तावतात), हिरड्या गुलाबी आहेत का, टाक्यांतून काही गळतंय का. ताप हाताने कळत नाही, कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे आपल्याला ते कायम गरमच लागतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडन्या जातात, पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायची वस्तू नाही. व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, मेलॉक्सिकॅम वगैरे दुखण्याचं औषध देतात ते वजनावर मोजून देतात, आणि ते चालू असताना त्याच जातीचं दुसरं औषध किंवा स्टेरॉइड त्यावर चढवायचं नसतं. तसंच ते कॅल्शियम. हाड मोडलंय म्हणून कॅल्शियम पाजा असा सल्ला मला प्रत्येकाने दिला, अगदी ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नाही त्यांनीसुद्धा. खाणं संतुलित असेल तर वरून कॅल्शियम देऊन हाड लवकर जुळत नाही, वाढत्या पिल्लाला तर नुकसानच होऊ शकतं.

हे सगळं तरी सोपं होतं, कारण तिला स्वतःलाच हलायचं नव्हतं.

अवघड झालं ते टाके निघाल्यावर. कातडी दहा-चौदा दिवसांत भरते, सूज उतरते, दुखणं कमी होतं, आणि कुत्र्याच्या मते प्रकरण मिटलं. हाडाच्या मते अजून सुरुवात आहे. मोठ्या कुत्र्याचं हाड धरायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, लहान पिल्लांचं लवकर होतं. तोवर सगळा भार प्लेटवर असतो आणि प्लेट काही अमर नसते, तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तशी तीही थकते, म्हणजे हाड आधी जुळतंय की प्लेट आधी दमतेय अशी शर्यत आत चालू असते आणि बाहेर ठमी क्रेटमध्ये, म्हणजे तिच्या जाळीच्या पिंजऱ्यात, उभी राहून शेपटीने जाळी वाजवतेय की मला सोडा, मला पळायचंय, बघा ना मी किती छान आहे.

या टप्प्यावर घरातले सगळे विरघळतात. नवरा रोज संध्याकाळी नवीन युक्तिवाद घेऊन यायचा. पाचच मिनिटं सोडू, दार बंद करून सोडू, मी धरून ठेवतो. येणारे पाहुणे तर मला तुरुंगाधिकारीच समजायचे. पण एक उडी, सोफ्यावर चढायची किंवा गुळगुळीत फरशीवर एकदा पाय फाकायचा अवकाश, की स्क्रू उपटतो आणि दुसरं ऑपरेशन, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड असतं. त्यामुळे क्रेट, शू-शीला पट्टा लावून बाहेर, पोटाखालून टॉवेलची झोळी धरून मागचा भार आपण उचलायचा, परत क्रेट. फरशीवर रबरी मॅट. जिना नाही, उडी नाही, बंड्याशी मस्ती नाही.

पण नुसतं कोंडून ठेवणंही चालत नाही ही त्यातली गंमत. कमी वयाच्या कुत्र्यात मांडीचं हाड मोडलं आणि पाय बरेच दिवस हललाच नाही तर मांडीच्या पुढचा स्नायू आखडून हाडाला चिकटतो, गुडघा सरळ राहून काठीसारखा ताठ होतो आणि मग तो पाय सहसा परत येत नाही. हाड उत्तम जुळलेलं आणि पाय वाया, असंही होतं. म्हणून डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे दिवसातून तीन-चार वेळा तिला कुशीवर झोपवून घोटा, गुडघा, खुबा हळूहळू वाकवायचा, सरळ करायचा, ती मान वळवून बघायला लागली की थांबायचं. पुढे पट्ट्यावर अगदी सावकाश चालणं. सावकाश हे मुद्दाम, कारण जरा वेग वाढला की कुत्रं दुखरा पाय सरळ उचलून तीन पायांवर पळतं, आणि हळू चाललं तर प्रत्येक पावलाला तो टेकवावाच लागतो. अंगाचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागच्या एका पायावाचून त्याचं बऱ्यापैकी निभतं, आणि म्हणूनच पाय वापरायचा आळस त्याला परवडतो.

डोक्याला काम दिलं की अंग शांत राहतं हे मला ठमीने शिकवलं. खाणं भांड्यात द्यायचंच नाही. रबरी खेळण्यात भरून फ्रीजरमध्ये गोठवलेलं, गुंडाळलेल्या टॉवेलच्या घड्यांत लपवलेलं, खोक्यात चुरगळलेल्या कागदांखाली. पाच मिनिटं नाकाने शोधलं की तासभर झोप. क्रेटमधून न हलता शिकण्यासारखंही बरंच असतं, माझ्याकडे बघ, हाताला नाक लाव, तोंडावर पट्टी बांधून घे, पंजा हातात दे. त्यातलं पट्टी आणि पंजा तर पुढे प्रत्येक व्हेटकडे उपयोगी. काही कुत्र्यांना एवढ्यानेही भागत नाही, त्यांना व्हेट ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखं शांत ठेवणारं औषध देतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पहिल्या तपासणीच्या एक्सरेत हाडाभोवती धुरकट पांढरा गठ्ठा दिसला. तो कॅलस, नवीन हाड. डॉक्टर खूश, मी खूश, आणि उत्तर परत तेच, अजून नाही.

अडॉप्शनचं म्हणाल तर तिथेही माझं काम नाही म्हणायचंच होतं. फोटो टाकल्याबरोबर मेसेज येतात आणि त्यातले निम्मे अपघाताच्या फोटोवर आलेले असतात. बिचारी, आम्ही घेतो. दया आली म्हणून घेतलेलं कुत्रं बरं झालं, टणाटणा उड्या मारायला लागलं, चपला फाडायला लागलं की दया ओसरते, मग परत आणून सोडतात. म्हणून मी जाहिरातीत जखमेचे फोटो ठेवलेच नाहीत. लिहिलं ते असं की ही कुत्री हुशार आहे, अनोळखी पुरुषांवर भुंकते, एकटी राहायला शिकतेय पण अजून नीट जमत नाही, खाताना कोणी जवळ आलेलं तिला आवडत नाही, लहान मुलं असतील तर प्लीज नको. मैत्रीण म्हणाली असं लिहून कोण घेणार. घेणारे कमी आले हे खरं. पण जे आले त्यांचे प्रश्न वेगळे होते. जिने किती चढवायचे, वजन किती ठेवायचं, आम्ही दोघं नोकरी करतो तर दुपारी कोणी यायला हवं का. एका घराला मी नाही म्हटलं, माणसं फार छान होती, पण त्यांना महिन्याभरात डोंगर चढायला सोबत हवी होती. त्यांना वाईट वाटलं. मलाही.

शेवटी जे दोघं ठरले ते ती लंगडत होती तेव्हापासून भेटायला यायचे, खाली बसायचे, तिच्याकडे बघायचे नाहीत, तिलाच येऊ द्यायचे. 'तुमच्याकडेच का नाही ठेवत' हे त्यांनीच विचारलं. कारण बंड्याला तिच्या धिंगाण्याचा त्रास व्हायला लागला होता, आणि एक कायमची ठेवली की पुढच्या जखमी कुत्र्याला वेगळी खोली उरत नाही. हे उत्तर देताना माझा आवाज जागेवर नव्हता, पण उत्तर बरोबरच होतं.

ती गेली तेव्हा नसबंदी झालेली, लसी झालेल्या, आणि सोबत न धुतलेली तिची चादर, तेच खाणं काही दिवस पुरेल एवढं, सगळे एक्सरे आणि मी लिहिलेली पानं. त्यांना सांगितलं की पहिले तीन दिवस ती बावरेल, तीन आठवड्यांत घराची रीत कळेल, तीन महिन्यांनी खरी ठमी दिसेल. रेस्क्यूवाल्यांचा हा ठोकताळा आहे, कुत्र्यांनी तो वाचलेला नसतो. ठमीने तिसऱ्या आठवड्याची वाट न बघता रिमोट खाल्ला. त्यांचा फोन आला तेव्हा दोघंही हसत होते म्हणून मला हायसं वाटलं, आणि मग त्यांनी विचारलं की ती प्लेट काढायची असते का. नाही, त्रास देत नसेल तर ती जन्मभर आतच राहते. पण स्क्रू सैल झाला, तिथे इन्फेक्शन झालं किंवा बरी असलेली कुत्री अचानक परत पाय उचलायला लागली तर 'लचकलं असेल' म्हणून वाट बघू नका, नवीन व्हेटला आत धातू आहे हे आधी सांगा आणि जुने एक्सरे सोबत घेऊन जा, ते निळ्या फाइलमध्ये आहेत, ती फाइल तिच्या तोंडाला लागेल अशा जागी ठेवू नका.