बशीत मावणारा प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले आणि लिहायचे ते आपल्या विज्ञानाच्या सरांविषयीच, हे पत्राची घडी घालण्याआधीच ठरले.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी सरांकडे प्रश्न नेला, “आमच्या रानात पीक का येत नाही?” कृष्णाकाठची आमची जमीन उसाला वर्षानुवर्षे पाणी पाजून क्षारपड झाली होती आणि उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर दिसे. सर म्हणाले, “प्रश्न खरा आहे, पण यात पाणी, खत, बियाणे, निचरा सगळेच आले. एकच गोष्ट बदल, एकच मोज, बाकीच्या आहेत तशा ठेव. बशीत मावेल असा प्रश्न घेऊन ये.”

चार दिवस मी रोज नवा प्रश्न नेई आणि सर रोज विचारीत, “मोजणार काय?” पाचव्या दिवशी प्रश्न जमला: पाण्यातील मिठाचे प्रमाण वाढवले, तर ४८ तासांत मटकीच्या ५० दाण्यांपैकी किती दाण्यांना मोड येतात? मीठ हे स्वतंत्र चल, म्हणजे मी बदलायची गोष्ट; मोड आलेल्या दाण्यांची संख्या हे अवलंबी चल, म्हणजे मोजायची गोष्ट. लिटरमागे ०, ५, १० आणि १५ ग्रॅम मीठ घालून चार बशा मांडल्या. मात्र फळीवर दोनच मावल्या, म्हणून जास्त मिठाच्या दोन बशा मी चुलीजवळ ठेवल्या. तक्ता पाहून सरांनी एवढेच विचारले, “मोड कमी आले, ते मिठाने की उबेने?” मला उत्तर देता आले नाही. सरांनी प्रयोगशाळेतले एक कपाट रिकामे करून दिले आणि चारही बशा तिथे एकत्र ठेवून मी प्रयोग पुन्हा केला. तोवर प्रदर्शन होऊन गेले होते.

आज मी माती परीक्षणाचे काम करतो. माती पाण्याने पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेले पाणी म्हणजे संपृक्त अर्क; त्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते. या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आली की जमीन क्षारयुक्त धरतात. तो आकडा लिहिण्यापूर्वी नमुना किती खोलीवरून आणि पाणी दिल्यानंतर किती दिवसांनी घेतला, हे मी शेतकऱ्याला विचारतोच. हल्ली प्रदर्शनाचे प्रकल्प दुकानात तयार मिळतात, याचे मला फार वाईट वाटते.

माझा दुसरा तक्ता सरांनी त्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवला होता. मी दहावी होऊन शाळा सोडली, तेव्हाही तो तिथेच होता.