रात्री साडेदहाचा प्रश्न

मोठ्या शहरात जायचं ठरलं की आधी बघायच्या ठिकाणांची यादी होते. मग नकाशावर त्या सगळ्यांच्या मधोमध बोट टेकवून कुणीतरी म्हणतं, "इथंच कुठंतरी राहू." सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण तो सकाळच्या माणसाने दिलेला असतो. सकाळी आपण ताजेतवाने असतो, तासभराचा प्रवासही शहर बघत मजेत होतो. रात्री त्याच माणसाच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असतात, फोनची बॅटरी तांबडी झालेली असते आणि सोबतच्या कुणाशी तरी धुसफूस झालेली असते. म्हणून हॉटेल शोधताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: रात्री साडेदहाला इथं परत येणं किती सोपं आहे?

हॉटेलवाले याचं उत्तर देत नाहीत. ते सांगतात, "शहराच्या केंद्रापासून 2 किलोमीटर." आता हे केंद्र म्हणजे नेमकं काय? लंडनपर्यंतची अंतरं मोजतात ती चेरिंग क्रॉसला घोड्यावर बसलेल्या पहिल्या चार्ल्स राजाच्या पुतळ्यापासून. पॅरिसची मोजतात नोत्र दामसमोर फरसबंदीत बसवलेल्या एका चकतीपासून. आपल्याला त्या घोड्यापाशी झोपायला जायचं नसतं. शिवाय हे अंतर बहुतेकदा सरळ रेषेत उडणाऱ्या कावळ्याचं असतं, पायी चालणाऱ्याचं नव्हे. इस्तंबूलमध्ये सुलतानअहमत आणि कादिकॉय या दोन भागांत नकाशावर जेमतेम चार-पाच किलोमीटर दिसतात, पण मध्ये समुद्र आहे आणि पलीकडे आशिया खंड. बोटीचा तो प्रवास फार सुरेख, पण शेवटची बोट किती वाजता सुटते हे माहीत असेल तरच! 2013 साली समुद्राखालून रेल्वे सुरू झाल्यापासून निदान दुसरा पर्याय तरी आहे.

परतीच्या दृष्टीने मला सगळ्यात माणुसकीचं शहर वाटतं ते तोक्यो. तिथं यामानोते नावाची वर्तुळाकार लोकल आहे. 34.5 किलोमीटरचा फेरा, 30 स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास. या वर्तुळावरच्या कुठल्याही स्टेशनाजवळ मुक्काम ठेवला की निम्मी काळजी मिटते. उलट्या दिशेच्या गाडीत बसलात तरी पोचता, फक्त उशिरा. मध्यरात्रीनंतर मात्र गाड्या थेट पहाटेपर्यंत बंद. आणि "स्टेशनपासून 5 मिनिटं" या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दारातून वर आलात तर त्या पाच मिनिटांची वीस-पंचवीस होतात, तीही बॅग ओढत. म्हणून हॉटेलच्या नावाबरोबर दाराचा नंबरही लिहून घ्यावा.

स्टेशनजवळ राहूच नये, असं म्हणणारे बरेच असतात. गोंगाट, गर्दी, कळकट गल्ल्या. ते खोटं नाही, पण त्यामागे इतिहास आहे. लंडनमध्ये 1846 साली एका शाही आयोगाने रेल्वेला शहराच्या गाभ्यात शिरू देऊ नये, असं सुचवलं. त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या तेव्हाच्या वेशीवरच थांबल्या. युस्टन, किंग्ज क्रॉस, सेंट पँक्रास ही स्टेशनं आजही एकाच रस्त्यावर ओळीने उभी आहेत. जिथं माणसं बॅगा घेऊन उतरणार तिथं हॉटेलं निघणारच. सेंट पँक्रासच्या दर्शनी भागात तर 1873 मध्ये राजवाड्यासारखं हॉटेल उघडलं. पण खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघरं नव्हती. काळ बदलला, गिऱ्हाईक बदललं, आणि 1935 मध्ये ते बंद पडलं. पुन्हा हॉटेल व्हायला 2011 उजाडलं. माझ्यापुरता तोडगा असा, की स्टेशनाच्या तोंडावर न राहता दोन गल्ल्या मागे राहावं. तेवढ्याने आवाज बराच कमी होतो आणि परतीची सोय तशीच राहते.

याच्या उलट, दिवसा अतिशय सभ्य दिसणारे भाग रात्री दगा देतात. लंडनचा 'सिटी' म्हणून ओळखला जाणारा जुना भाग घ्या. तिथं कामाला काही लाख माणसं येतात, पण 2021 च्या जनगणनेत राहणारी निघाली सुमारे 8,600. शनिवार-रविवारी तिथल्या चकचकीत हॉटेलांचे दर उतरतात, आणि का उतरतात ते रविवारी संध्याकाळी कळतं. पाण्याची बाटली घ्यायची तर उघडं दुकान शोधत हिंडावं लागतं. मी नकाशावर औषधाचं दुकान, किराणा, शाळा शोधते. जिथं शाळा आहे तिथं माणसं राहतात, आणि जिथं माणसं राहतात तिथं रात्री रस्त्यावर कुणीतरी असतं.

मग उरतं हॉटेल. फोटो बघण्याची एक कला आहे. पलंगाची एक बाजू भिंतीला चिकटलेली असेल तर खोली किती मोठी, हे वेगळं सांगायला नको. आतल्या माणसाला रात्री उठायचं झालं तर बाहेरच्याला ओलांडून. सगळ्या फोटोंत पडदे ओढलेले असतील तर खिडकीबाहेर दाखवण्यासारखं काही नाही. रिव्ह्यूंमध्ये पाच तारेवाले हरखलेले असतात, एक तारावाले चिडलेले. खरं बोलतात ते तीन तारेवाले. "लिफ्ट फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत", "भिंतीपलीकडचं खोकणं ऐकू येतं" अशी कामाची माहिती त्यांच्याकडेच मिळते.

खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यावरून मात्र आमच्या घरात एकमत नाही. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर दिसणाऱ्या खोलीला जादा पैसे मोजायचे, असं नवऱ्याचं म्हणणं. अंधार पडल्यावर टॉवर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, आणि नेमक्या त्या वेळी आपण बाहेर असतो, हे माझं. नदीवरच्या पुलावरून तोच टॉवर फुकट दिसतो. मी त्याला आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या खोलीचे, "गाढ झोप लागली" असे रिव्ह्यू वाचून दाखवते. तो मोबाइल हातात घेतो, फोटो मोठा करतो आणि त्या खिडकीसमोरचे सांडपाण्याचे पाइप एकेक करून मोजून दाखवतो.