सुतळीचा ठसा

रविवार, रात्र

शेवटी लोथल, सिंधू संस्कृतीचं ते जुनं बंदर, झालं एकदाचं. मागच्या खेपेला वासद, तारापूर करत एवढं लांब गेलो आणि संग्रहालयाला कुलूप. शुक्रवारी बंद असतं, हे निघायच्या आधी बघायचं मला सुचलं नव्हतं. बाबा अजून ऐकवतात.

आई या वेळी आली ती 'बंदर' या एका शब्दावर. ती देवगडची. लग्न होऊन बडोद्याला येऊन 38 वर्षं झाली तरी इथल्या सुरसागर तलावाला 'तुमचा समुद्र' म्हणते. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "समुद्र कुठाय?" चहूकडे भाल भागातली सपाट जमीन आणि वेड्या बाभळी. समुद्र केव्हाच मागे हटला, नदीनेही वाट बदलली.

संग्रहालय लहानसंच, 1976 सालचं. मडकी मी भराभर मागे टाकली. मातीची एक छोटीशी होडी आहे, तिला डोलकाठीसाठी भोक. नांगर म्हणून वापरलेले भोकाचे दगड पाहून आई म्हणाली, "हे काय काचेत ठेवायचं? मामाच्या होडीला असाच धोंडा होता." बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन, ते हस्तिदंती पट्टीपाशी खिळले. 46 मिलिमीटरमध्ये 27 रेघा!

मी अडकले शिक्क्यांपाशी. वखारीच्या जागी मातीचे असे 65 ठसे मिळाले. मालाच्या गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मुद्रा दाबायची, म्हणजे वाटेत कुणी गाठ सोडली तर कळणार. पुढे वखारीला आग लागली, माती भाजून निघाली आणि म्हणूनच टिकली. पुढच्या बाजूला ती न वाचता येणारी लिपी, पाठीमागे चटईची वीण आणि दोरीचा पीळ. लिपी राहू दे, चार हजार वर्षांपूर्वी कुणा हमालाने गाठ किती आवळली होती ते मात्र दिसतं.

मग गोदी. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1955 ते 1960 या काळात खणून काढलेली, साधारण 217 मीटर लांब, 36 मीटर रुंद, भाजक्या विटांची. काही अभ्यासक म्हणतात, हा साधा तलाव. पण तळच्या मातीत मीठ, जिप्सम आणि समुद्री सूक्ष्मजीव सापडलेत. दक्षिणेच्या भिंतीत पाणी सोडायची वाट आहे, तिला फळी बसवायची खाच. मी फलक वाचून दाखवायच्या आत आई म्हणाली, "ओहोटीला होडी चिखलात बसेल ना! भरतीचं पाणी कोंडून धरायला केलंय." खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत आठ-दहा मीटरचा फरक पडतो, देवगडला त्याच्या निम्माही नाही. तरी तिला ते एका नजरेत कळलं. मी दोन लेख वाचून गेले होते.

घरी पोचायला आठ वाजले. आई कणीक मळत होती. मी मिठाईच्या खोक्याची सुतळी आणून एका गोळ्यावर दाबली, अलगद उचलली. पीळ स्पष्ट उमटला, पण उलटा: सुतळीचा उजवीकडे झुकलेला, कणकेतला डावीकडे.

"म्हणजे दुपारी आपण उलटाच पाहिला की," आई म्हणाली आणि गोळा माझ्या हातातून घेऊन लाटायला लागली.