गिऱ्हाईक तेच, मग राखणदारही तेच कसे?

मी अमेरिकेत, ओहायो राज्यात, एका ट्रकिंग कंपनीच्या सेफ्टी विभागात काम करते. नव्या ड्रायव्हरांना ब्रेक, लॉग, बर्फातलं ड्रायव्हिंग हे सगळं समजावून झालं की शेवटचा अर्धा तास मी एका वेगळ्याच विषयावर बोलते. देहविक्रीसाठी मुलांची तस्करी होते, ती रस्त्यावर कशी ओळखायची आणि कुणाला फोन करायचा. हे ऐकलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "अहो, पण गिऱ्हाईक हेच लोक असतात ना? आणि यांनाच राखण करायला सांगता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्नात खोट नाही. काही ड्रायव्हर गिऱ्हाईक असतात. २००४ मध्ये एफबीआयच्या ओक्लाहोमा सिटी कार्यालयाने ट्रक स्टॉपवर, म्हणजे महामार्गावरच्या ट्रक थांबण्याच्या तळांवर, अल्पवयीन मुलींना विकणाऱ्या दलालांविरुद्ध मोठी मोहीम हाती घेतली होती. गिऱ्हाईक मिळत होतं म्हणूनच तो धंदा तिथे चालत होता. पण एका गिऱ्हाइकामागे बघणारे किती असतात, त्याचा विचार करा. इथल्या नियमाप्रमाणे ड्रायव्हरला ११ तास गाडी चालवल्यावर सलग १० तास विश्रांती घ्यावीच लागते. त्यामुळे रात्री दोन वाजता, पोलिसांची गाडी फिरकत नाही अशा तळावर, ओळीने ट्रक उभे असतात आणि प्रत्येकात एक माणूस असतो. दारावर टकटक होते ती त्याच्याच.

मग तो काय करतो? बहुतेकदा पडदा ओढून घेतो आणि झोपतो. तो दुष्ट नसतो, दमलेला असतो. शिवाय त्याला वर्षानुवर्षं एक शब्द ऐकून पाठ झालेला असतो, 'लॉट लिझर्ड'. म्हणजे तळावरची पाल. ट्रकची दारं ठोठावत देहविक्रीसाठी फिरणाऱ्या मुलींना दिलेलं हे नाव. ट्रकच्या दारांवर पालीच्या चित्रावर काट मारलेले स्टिकरसुद्धा असतात. मला या शब्दाचा फार राग येतो. पाल दिसली की आपण ती हाकलतो, तिचं वय विचारत नाही. म्हणून वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिते आणि त्याखाली १५ हा आकडा, म्हणजे एका मुलीचं वय, लिहिते. सगळ्यात आधी तो शब्द तोंडातून गेला पाहिजे, बाकीचं शिकवणं त्यानंतर.

"स्वतःहून आली असेल तर?" असं कुणीतरी विचारतंच. २००० सालच्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने त्याचं उत्तर देऊन ठेवलंय. वय १८ पेक्षा कमी असेल, तर जबरदस्ती झाली की फसवणूक, हे सिद्ध करण्याची गरजच नाही. पैशासाठी तिचा देह वापरला गेला की ती तस्करीची बळी ठरते.

हे काम मी शोधून काढलेलं नाही. २००९ मध्ये 'ट्रकर्स अगेन्स्ट ट्रॅफिकिंग' ही संस्था सुरू झाली. कायदा, पोलीस, आश्रयगृहं सगळं होतं, पण तळावर रात्रभर असणाऱ्या माणसाला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी ट्रक कंपन्या, ड्रायव्हिंग शाळा, ट्रक स्टॉपचे मालक, राज्यांची परिवहन खाती यांना हाताशी धरलं. एक छोटा व्हिडिओ आणि पाकिटात मावेल असं एक कार्ड. कार्डावर हेल्पलाइनचा नंबर आणि काय बघायचं, काय सांगायचं ते. ओहायोसह काही राज्यांत तर व्यावसायिक लायसन्सच्या प्रशिक्षणातच हा विषय घातलाय.

जानेवारी २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या एका ट्रक स्टॉपवर एका ड्रायव्हरला एक जुनी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, उभी दिसली. खिडक्यांना काळे पडदे. एका पुरुषाने येऊन दार ठोठावलं. पडद्याआड एका मुलीचा चेहरा दिसला आणि झटकन नाहीसा झाला. त्याने फोन केला. आत आयोवा राज्यातून आणलेली २० वर्षांची तरुणी होती, छळाने खंगलेली. तिला आणणाऱ्या जोडप्याला प्रत्येकी ४० वर्षांच्या आसपास तुरुंगवास झाला. तो ड्रायव्हर दार फोडायला गेला नव्हता, आणि तेच मी पुन्हापुन्हा सांगते. अंगावर जाऊ नका, दलाल त्याचा सूड मुलीवर उगवतो. गाडीचा नंबर, रंग, वेळ, कुठल्या दिशेने गेली, एवढं सांगा. तिचा फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे का, आपण कोणत्या गावात आहोत हे तिला माहीत आहे का, हे टिपा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कंपन्यांनी सोडवायची आहे. फोन करायला थांबलं तर माल उशिरा पोचतो. पोलीस आले तर जबाब द्यावा लागतो, आणि विश्रांतीचे तास त्यात जातात. "माझ्यावरच संशय घेतील," ही भीती तर प्रत्येकाला असते. असा उशीर ड्रायव्हरच्या नावावर लावायचा नाही, हे आमच्याकडे लेखी यायला मला बरेच महिने भांडावं लागलं. नुसती कार्डं वाटून त्याला भागीदारी म्हणणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात. आणि गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर २०१८ पासून तस्करीच्या गुन्ह्यात ट्रक वापरल्याचं सिद्ध झालं की व्यावसायिक लायसन्स कायमचं जातं. वर्गात ही स्लाइड आली की मी मुद्दाम थोडा वेळ गप्प राहते.

सगळी तस्करी तळावर होते असं अजिबात नाही. ती हॉटेलांत होते, मोबाइलवर ठरते, कितीदा तर ओळखीचाच माणूस मुलीला यात ओढतो. घर सोडून पळालेली मुलं सगळ्यात आधी सापडतात. आम्ही बघतो तो या सगळ्या रस्त्यातला एक तुकडा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका ड्रायव्हरने पहाटे हेल्पलाइनला फोन केला. बर्फ पडत होता आणि ट्रकच्या ओळींमधून फिरणाऱ्या मुलीच्या पायात घरातल्या सपाता होत्या. सपाता पाहिल्या नसत्या तर झोपलो असतो, असं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढे काय झालं ते फोन करणाऱ्याला कळवत नाहीत, त्या मुलीच्या सुरक्षिततेसाठी. हे त्याला माहीत आहे. तरी डेपोत आला की माझ्या टेबलाशी थांबतो आणि विचारतो, काही कळलं का? मी नाही म्हणते.