जहाजाआधी दोन रात्री अथेन्स

आमचं जहाज शनिवारी संध्याकाळी पाचला पिरेअस बंदरातून सुटणार होतं आणि आम्ही अथेन्सला उतरलो गुरुवारी दुपारी. यावरून घरात आधी भरपूर वाजलं होतं. नवऱ्याचं म्हणणं, शुक्रवारी रात्री पोचू, झोपू, सकाळी उठून जहाजावर; एक रजा वाचेल. माझं म्हणणं, दोन रात्री हव्यातच. विमान आणि क्रूझ वेगवेगळी बुक केली असतील तर विमानाला झालेला उशीर ही जहाजवाल्यांची डोकेदुखी नसते. जहाज पाचला म्हणजे पाचला सुटतं. त्यानंतर पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं, आणि ग्रीसमध्ये ते बंदर म्हणजे बहुधा एखादं बेट असतं.

शेवटी विमान वेळेवर आलं. सासूबाईंची बॅग आली नाही.

पट्टा फिरून फिरून थांबला, आजूबाजूचे सगळे निघून गेले, एक कुणाची तरी घडीची बाबागाडी तेवढी उरली. बॅगेत ट्रॅकर, म्हणजे बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, टाकलेला होता, त्यामुळे रडारड न करता दोन मिनिटांत कळलं की बॅग मधल्या विमानतळावरच आहे. आमच्या दोन विमानांमध्ये सव्वा तासाचंच अंतर होतं. आम्ही धावलो, बॅग धावली नाही. (ट्रॅकर स्वस्त मिळतात. प्रत्येक बॅगेत एक टाका.)

हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर एक फॉर्म भरतात, त्याला पीआयआर म्हणतात. तो भरल्याशिवाय विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बॅगेचा रंग, आकार, आत काय आहे. आत काय होतं? गुडघ्याचा पट्टा, चालायचे बूट, साड्या आणि प्रवासातली छोटी विजेची किटली. मग खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पत्ता?" मी हॉटेलचा सांगितला. "कधीपर्यंत?" शनिवार सकाळपर्यंत. "आणि नंतर?" नंतर रविवारी मिकोनोस, सोमवारी कुशादासी, मंगळवारी ऱ्होड्स... बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच हसू आलं.

क्रूझला जाणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. क्रूझच्या कागदपत्रांत प्रत्येक बंदरातल्या पोर्ट एजंटचं, म्हणजे जहाज कंपनीची तिथली कामं बघणाऱ्याचं, नाव आणि फोन नंबर दिलेला असतो. ते पान कुणी वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. त्याची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग उशिरा आली तर विमान कंपनी ती त्या एजंटकडे पाठवू शकते. पण रोज वेगळ्या बेटावर असलेल्या माणसामागे बॅग धावायला लावण्यापेक्षा एका हॉटेलात दोन रात्री ठिय्या देऊन तिची वाट बघणं कितीतरी सोपं. दोन रात्रींचा हट्ट मी धरला होता तो विमानाच्या उशिराच्या भीतीने. कामी आला तो बॅगेसाठी.

सासूबाईंच्या गोळ्या सगळ्या हातातल्या पिशवीत होत्या. एक कुर्ता आणि सलवारही होती. एवढ्यावर त्यांनी दीड दिवस काढला, कुरकुर न करता. कुरकुर मी केली.

विमानतळावरून शहरात यायला मेट्रोची निळी लाइन आहे, तीन नंबरची. माणशी नऊ युरो, साधारण अर्ध्या तासाला एक गाडी, सिंतग्मा चौकापर्यंत चाळीसेक मिनिटं. टॅक्सीचा विमानतळ ते शहराचा मध्यभाग हा दर ठरलेला आहे: दिवसा ४० युरो, मध्यरात्र ते पहाटे पाच ५५. आम्ही तिघे, म्हणजे मेट्रोचे २७ आणि टॅक्सीचे ४०. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर त्या तेरा युरोंचा विचार करू नका. एकटे किंवा दोघे असाल तर मेट्रो उत्तम, फक्त शहरातल्या गर्दीच्या स्टेशनांत खिसा सांभाळा. दारात विनाकारण रेटारेटी सुरू झाली की पाठीवरची पिशवी पोटावर घ्यायची.

हॉटेल आम्ही मोनास्तिराकीजवळ घेतलं. तिथे निळी आणि हिरवी अशा दोन्ही लाइन्स येतात आणि बहुतेक सगळं चालत गाठता येतं. रात्री आवाज असतो, म्हणून मागच्या बाजूची खोली मागून घ्या. रिसेप्शनवर दोन गोष्टी कळल्या. एक, एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीमागे दर रात्री एक सरकारी शुल्क असतं, थ्री-स्टारला पाच युरो, फाइव्ह-स्टारला पंधरा. बुकिंगच्या रकमेत ते धरलेलं नसतं, तिथेच भरायचं. दुसरी, बाथरूममधला कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. तिथले सांडपाण्याचे पाइप अरुंद असतात, कागदाने तुंबतात. जहाजावर गेल्यावर ही सवय परत मोडावी लागते. नळाचं पाणी मात्र अथेन्समध्ये खुशाल प्या.

पहिली संध्याकाळ बूट खरेदीत गेली. सिंतग्मा ते मोनास्तिराकी असा एर्मू नावाचा रस्ता आहे, वाहनबंद, दोन्ही बाजूंना दुकानं. सासूबाई विमानात चपला घालून आल्या होत्या आणि अथेन्समध्ये चपलांवर चालणं म्हणजे पाय मुरगळून घ्यायची तयारी. फूटपाथवर संगमरवर आहे. दिसतो राजेशाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी साबणासारखा गुळगुळीत झालाय. ३८ नंबरचे रबरी तळव्याचे बूट घेतले, ४५ युरो. पावती जपून ठेवली, कारण बॅग उशिरा आली तर तोवर घेतलेल्या गरजेच्या वस्तूंचा वाजवी खर्च विमान कंपनीकडे मागता येतो. बॅग हातात मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. आमची क्रूझ सात रात्रींची, त्यामुळे घरी येऊन करू म्हटलं तरी चाललं असतं. लांबची क्रूझ असेल तर जहाजावरूनच ईमेल टाका.

नवे बूट घालून आम्ही सिंतग्माला संसदेसमोर गेलो. तिथे अनामिक सैनिकाच्या स्मारकावर एव्झोन, म्हणजे पारंपरिक पोशाखातले ग्रीक सैनिक, पहारा देतात आणि दर तासाला बदलतात. पायांत गोंडे लावलेले जाड बूट, तळव्यांना खिळे ठोकलेले. पाय उचलून क्षणभर अधांतरी धरायचा, मग फरशीवर टाप वाजवत टेकवायचा. सासूबाई त्यांच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "यांच्यापेक्षा माझे बरे." रविवारी सकाळी अकराला पूर्ण लवाजम्यासह मोठा सोहळा असतो, तुमच्या वाट्याला रविवार येत असेल तर तो चुकवू नका.

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा. एक 'लादेरा', म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या: भेंडी, फरसबी, वांगी. दुसरा 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध चालत नाही. हे ऐकून मी निर्धास्त झाले होते, मग कळलं की उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात. तेव्हा तो शब्द वापरूनही ताटात काय आहे ते विचाराच. भात भरलेले टोमॅटो, 'येमिस्ता', मागवताना खिमा नाही ना हेही विचारा.

शुक्रवार ॲक्रोपोलिसचा, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन देवळांचा. तिकिटं महिनाभर आधी सरकारी संकेतस्थळावरून काढली होती, सकाळी आठची. २०२३ पासून तिथे वेळेचे स्लॉट आहेत आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालं आणि पूर्वी आसपासच्या अवशेषांसह मिळायचं ते एकत्रित तिकीट बंद झालं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतला सल्ला पाळू नका. स्लॉटच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंत आत सोडतात. आठचाच घ्या. दहानंतर बंदरात लागलेल्या जहाजांचे लोक बसभरून येतात. उद्या आपणही त्यांच्यातलेच, पण आज नाही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: वर जायला लिफ्ट आहे, उत्तरेच्या कड्याला लावलेली. ती सगळ्यांसाठी नाही, चालायला त्रास असणाऱ्यांसाठी आहे. पश्चिमेकडच्या मुख्य दाराशी जाऊन सांगावं लागतं. सासूबाईंना सोडलं, बरोबर एकाला जाऊ दिलं. वर काँक्रीटच्या वाटा केल्या आहेत, त्यावरून काठी टेकत नीट फिरता येतं. वरचं मुख्य देऊळ म्हणजे पार्थेनॉन. त्याचं बांधकाम सुरू झालं इ.स.पू. ४४७ मध्ये. दोन हजार वर्षांहून अधिक काळ ते बऱ्यापैकी टिकलं आणि १६८७ मध्ये एका संध्याकाळी उडालं: तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा त्यावर पडला.

मला विचाराल तर वरच्यापेक्षा खालचं ॲक्रोपोलिस म्युझियम जास्त आवडलं. तिकीट वेगळं. जमीन काचेची, पायाखाली जुन्या वस्तीचं उत्खनन. आणि कॅरिॲटिड्स, म्हणजे डोक्यावर मंडपाचा भार घेतलेल्या स्त्रियांच्या मूर्ती. वर टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती; खऱ्या पाच इथे आहेत, सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि तिची जागा इथे रिकामी ठेवली आहे. इथे त्यांच्या मागच्या बाजूला जाता येतं. चेहरे झिजलेत, हात तुटलेत, पण पाठीवरच्या वेण्या जशाच्या तशा. जाड, पेडांच्या, कानामागून वळवून आणलेल्या. सासूबाई एकीच्या मागे उभ्या राहिल्या आणि हवेत बोटं हलवत पेड मोजायला लागल्या. "अगं, ही साधी तिपेडी नाही," म्हणाल्या. आम्ही तिथे अर्धा तास होतो. नवरा कॅफेत जाऊन बसला.

दुपारी झोपलो. तोच खरा बेत होता, दुपारी काही ठेवायचं नाही. रात्री साडेदहाला रिसेप्शनवरून फोन आला: बॅग आली.

आता पिरेअस. बंदर अवाढव्य आहे. दारांना ई१, ई२ असे क्रमांक आहेत; बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटी बऱ्याच दारांवरून सुटतात आणि क्रूझची टर्मिनल्स ई११ आणि ई१२च्या बाजूला, पार टोकाला आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं 'पिरेअस पोर्ट' सांगितलं तर तो फेरीबोटींच्या दारात सोडतो. आम्हाला तसंच सोडलं आणि तीन बॅगा ओढत परत दुसरी टॅक्सी धरावी लागली. टर्मिनलचं अक्षर, ए, बी की सी, हे तिकिटावरून बघून ड्रायव्हरला दाखवा. मेट्रोने जाणार असाल तर निळ्या लाइनवर पिरेअसच्या पुढचं शेवटचं स्टेशन दिमोतिको थेआत्रो हे क्रूझच्या बाजूला जवळ पडतं. ते २०२२ मध्येच सुरू झालं, जुन्या नकाशांत नाही. संपाच्या बातम्यांवर आदल्या रात्री नजर टाका. ग्रीसमध्ये मेट्रोचे आणि बोटींचे संप आधी जाहीर होतात, हॉटेलवाल्यांना पक्की खबर असते.

एक गोष्ट खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवी होती: व्हिसा. जहाज कुशादासीला, म्हणजे तुर्कस्तानला, जाऊन परत ग्रीसमध्ये येतं. म्हणजे तुम्ही शेंगेनबाहेर, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, पडून पुन्हा आत येता, तिथे उतरा नाहीतर केबिनमध्ये झोपून राहा. सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा चालत नाही. अर्जातच मल्टिपल एंट्री मागा आणि बंदरांची यादी जोडा. तुर्कस्तानच्या बाजूचं काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या 'हो हो'वर जाऊ नका.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा बाहेरच पोर्टरकडे द्यायच्या. केबिन नंबरचे टॅग घरूनच छापून, स्टेपल करून न्या. आणि विमानाचे जुने टॅग फाडून टाका. बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातात. पुन्हा तेच.

सहा वाजता माझी बॅग आली. मग नवऱ्याची. साडेसात झाले तरी सासूबाईंची नाही. आठला केबिनचा फोन वाजला: खाली सुरक्षा विभागात या. सासूबाई आणि मी गेलो. टेबलावर बॅग उघडी होती आणि शेजारी किटली. तापणाऱ्या वस्तू केबिनमध्ये चालत नाहीत, इस्त्री नाही, किटली नाही. शेवटच्या दिवशी परत मिळेल. अधिकाऱ्याने एक फॉर्म पुढे सरकवला. वस्तू, रंग, नाव. मग त्याने विचारलं, "पत्ता?"

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता केबिनचा नंबर सांगितला.