बेळवडीचा देखावा

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि पाठोपाठ चित्ररथांची मिरवणूक निघते. मंडळांच्या जिवंत देखाव्यांची संहिता लिहिणं आणि त्यांचा आवाज मुद्रित करून देणं हे माझं काम. एका मंडळाने बेळवडीचा प्रसंग मागितला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या फौजेशी एका बाईने लढवलेल्या गढीचा, आणि रंगीत तालमीच्या दिवशी त्यातल्या एका वाक्यावरून वाद पेटला. सार्वजनिक ठिकाणी गोष्ट सांगणं किती जबाबदारीचं असतं ते त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं.

आधी देखावा कसा उभा राहतो ते सांगतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दोन्ही बाजूंनी फळ्या जोडून रंगमंच रुंद करायचा. उंची बेताची ठेवायची, नाहीतर गल्लीतल्या विजेच्या तारा आड येतात. तरी तारा उचलायला बांबू घेतलेला एक माणूस पुढे लागतोच. जनरेटर मागच्या गाडीवर. चालत्या ट्रॉलीवर माईकचा भरवसा नसतो, म्हणून संवाद आधीच मुद्रित करतात आणि पात्रं त्यावर ओठ हलवतात. आठ मिनिटांच्या देखाव्यात लढाई आणि संगीत निम्मा वेळ खातं. बोलायला उरतात जेमतेम साडेचारशे शब्द. मागच्या मंडळाचा ढोल कानावर आदळत असतो, त्यामुळे संवादाखाली संगीत अजिबात चालत नाही आणि लांब वाक्य निम्म्यावर बुडतं.

सगळ्यात जास्त देखावे सुरुवातीलाच फसतात. निवेदक सन, वंशावळ, परिस्थिती सांगत बसतो, तोवर पुढची माणसं सरकतात आणि नवी येतात. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात कोण, कुठे, कशासाठी भांडतंय एवढं कळलंच पाहिजे, आणि मुख्य नाव मध्ये दोन-तीनदा परत यायला हवं. बेळगाव महाराष्ट्रात यावं या मागणीच्या, म्हणजे सीमाप्रश्नाच्या, सभांतही हेच दिसतं. महाराष्ट्राने मागितलेली 814 गावं, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल, 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सगळं महत्त्वाचं. पण सभा थांबते ती 17 जानेवारी 1956 च्या गोळीबारात कोण कुठे पडलं हे वक्ता सांगू लागला की. आकडे लोक मान्य करतात, पण घरी नेतात ती माणसाची गोष्ट. पुढाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच देखाव्यात आपलं नाव घुसवायची त्यांना घाई असते. माझा नियम असा की स्वागत, आभार, पाहुणे हे सगळं देखाव्याआधी. आत एक नाव शिरलं की पुढची दोन मिनिटं वाया.

आता बेळवडी. गाव बैलहोंगल तालुक्यातलं. 1678 साली दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना मराठी फौजेचे रसदीचे बैल गढीवाल्यांनी धरले, आणि गढीला 27 दिवस वेढा पडला अशी हकीकत आहे. गढी लढवली एका बाईने. मराठी परंपरेत तिचं नाव सावित्रीबाई, कन्नडमध्ये मल्लम्मा. गढी पडल्यावर सखूजी गायकवाड या सरदाराने तिच्याशी गैरवर्तन केलं, म्हणून महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्याला मनोळीला कैदेत टाकलं असं सांगतात. धारवाडजवळच्या यादवाडचं एक शिल्पही लोक याच प्रसंगाशी जोडतात.

मंडळाच्या पोरांना शेवट गढी पडताना हवा होता: भगवा वर, घोषणा, फटाके. मी शेवट न्यायावर ठेवला होता आणि मल्लम्माच्या तोंडी एक कन्नड वाक्य घातलं होतं, ‘इदु नम्म मण्णु’, म्हणजे ‘ही आमची माती’. ‘मास्तर, आपल्या रथावर कन्नड कशाला की?’ एकजण भडकून म्हणाला. आवाज चढले. ज्यांच्या घरात 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हिंडलग्याच्या गोळीबाराच्या आठवणी आहेत त्यांचा राग मी हलका मानत नाही. शाळेत, कचेरीत जी भाषा बळजबरीने पुढे केली जाते तीच आपल्या रथावरून का, हा प्रश्न रास्त होता.

मी म्हणालो, बैलहोंगलची बाई पुणेरी मराठीत बोलू लागली तर इथलं माणूस विश्वास ठेवणार नाही. बाजारात तो दोन्ही भाषा ऐकतो. महाराजांचं मोठेपण दिसतं ते समोरची बाई खरी लढवय्यी वाटली तरच. ती बाहुली ठरली तर न्यायालाही वजन उरत नाही. हे पोरांना पटवावं लागलं नाही. मल्लम्मा करणाऱ्या मुलीने ते वाक्य एकदा उभं राहून म्हटलं, आणि सखूजी करणारा पोरगा आपसूक एक पाऊल मागे सरकला. वाक्य राहिलं.

मग तांत्रिक दुरुस्त्या झाल्या. वाक्याआधी दोन सेकंद शांतता सोडली, कारण तलवारींच्या खणखणाटानंतर कानाला तेवढा वेळ लागतो. प्रेक्षक तिन्ही बाजूंना असतात, म्हणून ती मुलगी वाक्य बोलताना डावीकडून उजवीकडे वळेल असं बसवलं. डोळे काढण्याचा प्रसंग दाखवायचा नाही, निवेदनात एका वाक्यात सांगायचा आणि ‘सांगतात’ हा शब्द ठेवायचा असं ठरलं. लहान मुलं पुढे बसलेली असतात, शिवाय परंपरेने आलेली हकीकत पुरावा म्हणून रस्त्यावर उभी करू नये. फटाके देखावा संपून ट्रॉली हलल्यावर.

हुतात्मा चौकात ट्रॉली थांबली तेव्हा त्या वाक्याला टाळ्या पडल्या, रामलिंगखिंड गल्लीत थोडी कुजबुज झाली. पुढच्या वर्षी आणखी दोन मंडळांनी स्थानिक प्रसंग मागितले. त्यांनाही मी आधी एवढंच विचारलं, गोष्ट कुठे थांबवायची आहे?