छप्पर उचलायला दोघं लागतात

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला दाराची घंटा वाजते. कोण आलंय ते बघायला मी जात नाही, आधी सुती हातमोजे शोधतो. दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा. "चला, छप्पर," एवढंच म्हणतात आणि जिना उतरायला लागतात.

स्टुटगार्टजवळच्या या गावात मी राहायला आलो त्या वर्षीपासून हा नेम चालू आहे. त्यांच्या गॅरेजात १९७९ सालची मर्सिडीज २८० एसएल आहे. दोन दारं, दोन माणसांपुरती जागा, आणि वर दोन प्रकारची छपरं: एक कापडी, घडी होऊन सीटमागच्या खोबणीत जाणारा टप, आणि दुसरं हिवाळ्यासाठीचं पत्र्याचं, अख्खं उचलून ठेवायचं. हे दुसरं छप्पर उचलणं एकट्याचं काम नाही. वजन तर आहेच, पण खरी पंचाईत रंगाची: कोपरा जरा घासला की सगळं मुसळ केरात. मी डावीकडे, ते उजवीकडे. "एक, दोन आणि..." तिसरा आकडा ते कधीच म्हणत नाहीत, तो मनातल्या मनात म्हणायचा असतो. मग लहान मूल झोपेतून उचलावं तसं ते छप्पर उचलून आम्ही कोपऱ्यातल्या घोडीवर ठेवतो आणि त्यावर जुनी चादर टाकतो. ऑक्टोबरच्या शेवटी हाच प्रयोग उलटा. तेवढ्यापुरती, म्हणजे वर्षातून दोन वेळा पाच-पाच मिनिटं, ती गाडी निम्मी माझी असते.

अशी गाडी माणूस का घेतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे. श्वाबियन, म्हणजे या स्टुटगार्टकडचा माणूस, काटकसरीसाठी साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध. आमचे आजोबा कागदी पिशवीची घडी घालून ती चार वेळा वापरतात. दोन माणसं आणि दोन बॅगा सोडून ज्यात काही मावत नाही, वर्षातले पाच महिने जी बाहेर काढायचीच नाही, अशा गाडीवर हा माणूस खर्च करतो. आणि त्याला तो खर्च वाटतच नाही.

वर्षातले पाच महिने हे मी उगाच म्हणत नाही, ते तिच्या नंबरप्लेटवरच लिहिलंय. प्लेटच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात वर ०४ आणि खाली १०. याचा अर्थ ती एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर येणार. उरलेल्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केली तरी दंड. आकड्यांच्या शेवटी एक 'एच' आहे. गाडी ३० वर्षांची झाली आणि मूळ रूपात सांभाळलेली असली, की तपासणी करून हे अक्षर मिळतं. मग तिच्यावर वर्षाला १९१.७३ युरो असा ठरावीक कर बसतो, इंजिन केवढंही असो. ते ७३ सेंट मला फार आवडतात. जर्मनीत अशा गाडीला 'ओल्डटायमर' म्हणतात. शब्द दिसतो इंग्रजी, पण या अर्थाने तो पक्का जर्मन आहे.

या गाडीची पिढी १९७१ साली आली, तीसुद्धा एका भीतीच्या सावलीत. गाडी उलटली तर आतल्या माणसाचं काय, या मुद्द्यावरून अमेरिकेत नियम इतके कडक होणार अशी हवा होती, की उघड्या गाड्यांवर बंदीच येईल असं सगळे धरून चालले होते. अमेरिका हेच तर मोठं गिऱ्हाईक. बऱ्याच कंपन्यांनी उघड्या गाड्यांचा नाद सोडला. इथल्या इंजिनिअरांनी मात्र पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांबच एवढे भक्कम केले, की टप नसतानाही गाडी उलटी झाली तर भार त्यांनी पेलावा. पावसात रस्त्यावरचा चिखल उडून बाजूच्या काचा माखू नयेत म्हणून त्याच खांबांना पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी दिल्या. मागचे दिवे बघावेत तर घरावरच्या पन्हळी पत्र्यासारखे नागमोडी. मला आधी वाटायचं ही नुसती नक्षी. मग एका पावसाळी रविवारी आजोबांनी दिव्यावर बोट ठेवून दाखवलं: चिखल वरवरच्या कडांवर बसला होता आणि आतल्या खाचा स्वच्छ लाल दिसत होत्या. "मागच्याला दिसायला हवं ना," ते म्हणाले.

बंदी शेवटी आलीच नाही. ही गाडी मात्र फारसा बदल न होता १९८९पर्यंत बनत राहिली, १८ वर्षं, एकूण २,३७,२८७. म्हणजे ती दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. लोक तिच्यासाठी वेडे होतात ते दुर्मीळ म्हणून नव्हे. दुर्मीळच हवी असेल तर बीएमडब्ल्यू ५०७ घ्यावी. ती पन्नाशीच्या दशकात जेमतेम अडीचशेच्या वर बनली आणि तिने कंपनीला दिवाळखोरीच्या दारात नेलं. सैन्यात असताना जर्मनीत अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीकडे तीच होती. देखणी आहे, वादच नाही. पण ती संग्रहालयात बघायची वस्तू.

मला या एसएलची गंमत वाटते ती वेगळ्या कारणाने. मौज ही गोष्ट साधारणपणे हलगर्जी माणसं करतात, निदान तसा समज आहे. इथे मात्र जगातल्या सगळ्यांत धास्तावलेल्या, हिशेबी, 'काय बिघडू शकतं' याची यादी उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसांनी निव्वळ मौजेची वस्तू केली आहे. भटकायला निघालेल्या पोराच्या खिशात आईने रुमाल, सुटे पैसे आणि घरचा पत्ता कोंबावा, तशी. त्या आधीच्या पिढीचंही तेच. १९६३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली. तिचं पत्र्याचं छप्पर मधे खोलगट आणि कडांना उंच, म्हणून लोकांनी तिला 'पॅगोडा' म्हणायला सुरुवात केली. खोलगटपणामुळे छप्पर मजबूत होतं आणि बाजूच्या काचा उंच करता येतात, हे त्यामागचं कारण. सौंदर्य त्या कारणामागून आपोआप आलं.

आता नावाचा विनोद. एसएल म्हणजे काय, यावर पुष्कळ वर्षं वाद होता. कोणी म्हणे 'स्पोर्ट लाइष्ट', कोणी 'सुपर लाइष्ट'. २०१७ साली कंपनीच्या दप्तरातला जुना कागद पुढे आला आणि 'सुपर लाइष्ट' पक्कं झालं. अर्थ, अतिशय हलकी. आजोबांच्या गाडीचं वजन दीड टनाच्या घरात आहे. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तिचं नाव लहानपणी ठेवलेलं आहे."

दोन वर्षांपूर्वी मलाही ही बाधा झाली. रात्री झोपण्यापूर्वी जाहिराती चाळायच्या, रंग बघायचे, मनातल्या मनात चालवून यायचं. बायकोने एकच विचारलं, "पाऊस आला तर?" सगळे हेच विचारतात. खरं तर पावसाचं काही नाही. गाडी कडेला घ्यायची, मागचं पत्र्याचं झाकण उचलायचं, आतली घडी बाहेर ओढायची, पुढे काचेच्या चौकटीला अडकवायची, झाकण बंद, मागची कड बसवायची. हात बसला की मिनिटभराचं काम. धोका वरून पडणाऱ्या पाण्याचा नसतो, आत शिरून मुक्काम ठोकणाऱ्या पाण्याचा असतो. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तासाभराच्या अंतरावर एक गडद हिरवी गाडी विकायला होती. आजोबा स्वतःहून म्हणाले, मी येतो. निघताना त्यांनी मला एक लोहचुंबक आणायला लावला. रंगावर ओरखडा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळून घ्यायचा. पत्रा पत्रा असेल तिथे तो धरतो. आत पुट्टी भरून वरून रंग मारला असेल, तिथून निसटतो. (पॅगोडाच्या बाबतीत हे शास्त्र फसतं. तिचं बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. नवखा माणूस चुंबक लावतो, तो निसटतो आणि त्याच्या काळजात धस्स होतं.)

गाडी अशी चकाकत होती की मी मनात पैसे देऊनही टाकले होते. मालक अगत्याने बोलत होता, इंजिन पहिल्या फिरकीला सुरू झालं. आजोबा मात्र इंजिनाकडे बघेनात. "इंजिन दुरुस्त होतं," एवढं म्हणून ते त्या वयात गुडघ्यांवर बसले आणि टॉर्च घेऊन पुढच्या चाकांच्या मागे डोकावले. मग शेजारच्या सीटसमोर वाकले, पायाखालचा गालिचा उचलला आणि माझा हात धरून त्याच्या खाली ठेवला.

ओलं होतं. गार, फडकं पिळून ठेवल्यासारखं.

"धुताना पाणी गेलं असेल," मालक म्हणाला.

परतीच्या वाटेवर आजोबांनी समजावलं. काचेखालच्या जाळीतून हवा आत घेण्यासाठी एक पेटी असते. तिच्या निचऱ्याच्या वाटेत झाडाची पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत आतून कुजायला लागते. बाहेर काहीच दिसत नाही. भिंतीपर्यंत पोचायचं तर अर्धी गाडी सोडवावी लागते, आणि त्या मजुरीत दुसरी चांगली गाडी येईल. मी हिरमुसून बसलो होतो. तेव्हा त्यांनी आपली एसएल हमरस्ता सोडून द्राक्षमळ्यांच्या चढावर घातली आणि वर जाऊन थांबवली. टप उघडा होताच. "चालव," म्हणाले. त्या एका शब्दात 'तुम्ही' संपून 'तू' सुरू झालं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ताशी ६० किलोमीटर. नव्या बंद गाडीत १३० ला काही कळत नाही, घरातला सोफाच पुढे सरकतोय असं वाटतं. इथे ६० ला सगळं कळत होतं. झाडांच्या सावलीत शिरलो की मान गार, बाहेर आलो की ऊबदार. कापलेल्या गवताचा वास आला, गेला, मग नुसता पेट्रोलचा. स्टिअरिंग एवढं मोठं की बसच चालवतोय असं वाटावं. वळणावर एक सायकलवाला हसला. रोजच्या गाडीत मला बघून आजवर कोणी हसलेलं नाही. १८८८ साली मोटारीचा जनक कार्ल बेंझ याची बायको बर्था त्याची गाडी काढून दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, टोपीच्या पिनेने नळी साफ केली आणि शंभरेक किलोमीटर पार केले, तेव्हा त्या गाडीला छप्परच नव्हतं. छप्पर नंतर सुचलं. हे चालवताना आठवलं असं म्हणणं खोटं होईल. चालवताना मी फक्त गिअर सांभाळत होतो.

मी अजून गाडी घेतलेली नाही. जाहिराती बघतो, फोनही करतो, पण पहिला प्रश्न गालिच्याचा विचारतो आणि बहुतेक बोलणं तिथेच संपतं. तो चुंबक कोटाच्या खिशात फडक्यात तसाच आहे. घराच्या किल्ल्या त्याला जाऊन चिकटतात, आणि रोज संध्याकाळी दारात उभं राहून मला त्या सोडवाव्या लागतात.